वाचक विचारतात: लढाऊ विमान, अवकाशयान आणि मग निवडणूक

शुभांशु शुक्ला जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून परतले, तेव्हापासून अंतराळवीरांच्या पुढच्या आयुष्याविषयी वाचक विचारू लागले आहेत. अमेरिकेत लष्करी वैमानिक अंतराळवीर झाले आणि पुढे थेट सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, पोचले, ते कसे, हा बहुतेक पत्रांचा रोख आहे. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

मुलगा एनडीएच्या परीक्षेची तयारी करतो आहे. अमेरिकेचे पहिले अंतराळवीर सगळे लष्करी वैमानिकच का होते? जॉन ग्लेन यांची तिथवरची वाटचाल कशी झाली? (पालक, सातारा)

डिसेंबर १९५८ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ठरवले, की अंतराळवीर लष्करातल्या चाचणी वैमानिकांमधूनच निवडायचे. कारण व्यवहाराचे होते. या लोकांच्या सेवेच्या आणि तब्येतीच्या नोंदी सरकारकडे तयार होत्या, गोपनीयतेची छाननी आधीच झालेली होती आणि हुकूम निघाला की त्यांना बोलावता येत होते. वय ४० च्या आत, उंची ५ फूट ११ इंचांपेक्षा कमी, पदवी किंवा समतुल्य शिक्षण, चाचणी वैमानिकांचा अभ्यासक्रम पूर्ण, १,५०० तास उड्डाण आणि जेट चालवण्याची पात्रता, अशा अटी होत्या. ५०८ जणांच्या नोंदी चाळल्यावर ११० जण त्यांत बसले. त्यातून निवडलेल्या सात जणांची नावे ९ एप्रिल १९५९ रोजी जाहीर झाली.

त्या सातांपैकी एक आणि पृथ्वीला फेरी घालणारे पहिले अमेरिकी म्हणजे ग्लेन. त्यांचा जन्म १९२१ चा, ओहायो राज्यातला. कॉलेजात असतानाच सरकारी योजनेतून ते विमान शिकले. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर कॉलेज अर्धवट सोडून नौदलाच्या वैमानिकी प्रशिक्षणात गेले आणि पुढे मरीन कोअर या सागरी सैनिकदलात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये कोर्सेअर विमानातून ५९ मोहिमा, कोरियात ९०. कोरियातल्या शेवटच्या २७ मोहिमा त्यांनी हवाई दलात पाहुणे वैमानिक म्हणून सेबर जेटवर केल्या आणि तीन मिग-१५ पाडली. त्यानंतर १९५४ मध्ये पॅटक्संट रिव्हरच्या नौदल शाळेतून ते चाचणी वैमानिक झाले.

चाचणी वैमानिक नेमके काय करतो, हे १६ जुलै १९५७ च्या त्यांच्या उड्डाणावरून कळेल. क्रुसेडर या लढाऊ जेट विमानाचे जे-५७ इंजिन पूर्ण ताकदीवर, आफ्टरबर्नर (जोर वाढवण्यासाठी जादा इंधन जाळणारी सोय) लावून, बराच वेळ चालवले तर टिकते का, हे तपासायचे होते. मार्ग कॅलिफोर्निया ते न्यूयॉर्क. वाटेत तीनदा हवेतच इंधन घ्यायचे होते. अडचण अशी, की इंधन देणारी विमाने पंख्यांची आणि संथ. ध्वनीपेक्षा वेगाने येणाऱ्या विमानाला उंची आणि वेग दोन्ही सोडून त्यांच्या मागे लागावे लागे, नळी पकडावी लागे आणि पुन्हा वर चढावे लागे. सोबत निघालेल्या दुसऱ्या क्रुसेडरची इंधन घेण्याची नळी पहिल्याच वेळी बिघडली आणि त्या वैमानिकाला माघार घ्यावी लागली. ग्लेन ३ तास २३ मिनिटांत पोचले. वाटेत तीन वेळा मंदावूनही सरासरी वेग ध्वनीपेक्षा जास्त पडला. अमेरिका खंड असा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ.

पदवीची अट मात्र त्यांना जड जाऊ शकली असती. कॉलेजने पदवी दिली ती १९६२ मध्ये, अंतराळातून परत आल्यावर. ‘समतुल्य शिक्षण’ या शब्दांनी त्यांना तारले. आपल्या मुलाने मात्र त्या फटीवर विसंबू नये. भारतात खडकवासल्याची एनडीए, मग हवाई दलात कमिशन, लढाऊ विमानांवरची काही वर्षे आणि पुढे बंगळुरूच्या चाचणी वैमानिक शाळेचा अभ्यासक्रम, असा रस्ता आहे. गगनयानचे चारही जण हवाई दलातले चाचणी वैमानिक आहेत.

यान स्वयंचलित होते, मग त्यात वैमानिक हवाच कशाला होता? (वाचक, सांगली)

२० फेब्रुवारी १९६२ च्या, ग्लेन यांच्या फ्रेंडशिप-७ या उड्डाणातच याचे उत्तर आहे. पृथ्वीची पहिली फेरी संपत आली असताना यानाची दिशा धरणाऱ्या एका छोट्या झोताने दगा दिला. यान उजवीकडे सरकत जाई, मग यंत्रणा मोठा झोत सोडून झटक्याने ते जागेवर आणी. त्यात इंधन भराभर संपत होते. ग्लेन यांनी नियंत्रण हातात घेतले आणि उरलेल्या दोन फेऱ्या बहुतांशी स्वतः यान सांभाळले.

दुसरी अडचण जमिनीवरच्या पडद्यावर दिसली. उष्णतारोधक ढाल सैल झाली आहे, असे ‘सेगमेंट ५१’ हा संकेत सांगत होता. ढालीवर वेग कमी करणाऱ्या रॉकेटांचा जुडगा पट्ट्यांनी बांधलेला असतो आणि वापर झाल्यावर तो टाकून देतात. तो तसाच राहू द्यायचा असे ठरले, म्हणजे ढाल खरोखर सैल असलीच तरी पट्टे ती धरून ठेवतील. वातावरणात शिरताना तो जुडगा जळाला आणि त्याचे पेटते तुकडे खिडकीबाहेरून जाताना ग्लेन यांनी पाहिले. हे तुकडे जुडग्याचे की ढालीचे, हे त्या क्षणी त्यांना कळायला मार्ग नव्हता. ढाल शाबूत होती, दोष संकेत देणाऱ्या स्विचमध्ये होता, हे नंतर उघड झाले. एकूण उड्डाण ४ तास ५५ मिनिटांचे.

एवढी प्रसिद्धी असताना ग्लेन यांना सिनेटमध्ये जायला १९७४ उजाडले. मधली वर्षे कुठे गेली? (प्राध्यापक, लातूर)

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण लोक ग्लेन यांची गोष्ट सांगताना हीच दहा वर्षे गाळतात.

जानेवारी १९६४ मध्ये त्यांनी नासा सोडली आणि लगेच ओहायोतून डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, तेही पक्षाच्याच विद्यमान सिनेटरविरुद्ध. फेब्रुवारीत न्हाणीघरात घसरून पडले, डोके टबावर आपटले. आतल्या कानाला मार बसल्याने तोल राहीना, आणि मार्चअखेर त्यांनी माघार घेतली. पुढे १९६५ च्या आरंभी मरीन कोअरमधून कर्नल म्हणून निवृत्त होऊन ते रॉयल क्राउन कोला कंपनीत गेले.

१९७० मध्ये पुन्हा प्रयत्न केला. अमेरिकेत पक्षाचे तिकीट दिल्लीहून किंवा मुंबईहून येत नाही; प्राथमिक निवडणुकीत पक्षाचे मतदार ते ठरवतात. समोर हॉवर्ड मेट्झेनबॉम हे श्रीमंत उद्योजक होते, कामगार संघटनांशी त्यांचे जुने संबंध होते आणि त्यांनी दूरचित्रवाणीच्या जाहिरातींवर पैसा ओतला. ग्लेन यांच्याकडे नाव होते. जिल्ह्याजिल्ह्यातली माणसे नव्हती, पैसाही तोकडा होता. नाव सगळ्यांना माहीत आहे म्हणजे मते मिळालीच, हा हिशेब चुकला. ते थोड्या मतांनी हरले, आणि मेट्झेनबॉम पुढे मुख्य निवडणुकीत हरले.

त्यानंतरची चार वर्षे ग्लेन यांनी राज्यात पक्षाचे काम केले. लहान गावांतली पक्षाची जेवणे, निधी गोळा करण्याचे कार्यक्रम, स्थानिक उमेदवारांच्या प्रचारसभा, सगळीकडे ते गेले. हे काम वर्तमानपत्रांत छापून येत नाही, पण प्राथमिक निवडणूक त्यावरच जिंकली जाते. १९७४ मध्ये सिनेटच्या रिकाम्या झालेल्या जागेवर राज्यपालांनी मेट्झेनबॉम यांना नेमले आणि ग्लेन यांनी उपराज्यपालपदासाठी उभे राहावे, असे सुचवले. ग्लेन यांनी नकार दिला.

प्राथमिक फेरीत दोघे पुन्हा समोरासमोर आले. प्रचारात मेट्झेनबॉम यांनी हिणवले, की ग्लेन यांनी कधी नोकरीधंदा केलेलाच नाही. मतदानाच्या काही दिवस आधी क्लीव्हलंडच्या सिटी क्लबमधल्या वादसभेत ग्लेन यांनी याला उत्तर दिले. सैनिकी रुग्णालयात माझ्याबरोबर चला, छिन्नविच्छिन्न शरीराने पडलेल्या त्या माणसांच्या डोळ्यांत पाहा आणि त्यांनी नोकरी केली नाही असे सांगा. मुलगा युद्धात गमावलेल्या आईला सांगा. असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृह उठून उभे राहिले. हे भाषण गाजले ते योग्यच, पण चार वर्षांची बांधणी पाठीशी नसती तर ते सभागृहातच विरले असते, असे आम्हाला वाटते. प्राथमिक फेरी जिंकून नोव्हेंबरमध्ये त्यांनी ओहायोचे सगळे ८८ जिल्हे घेतले आणि जानेवारी १९९९ पर्यंत सलग चार कार्यकाळ सिनेटर राहिले.

१९८४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले तेव्हा हाच धडा पुन्हा मिळाला. ओहायोबाहेर बांधणी नव्हती. मार्चमध्ये माघार घ्यावी लागली आणि प्रचाराचे कर्ज पुढे कितीतरी वर्षे मानेवर राहिले.

तारापूरच्या इंधनाशी ग्लेन यांचा संबंध होता असे ऐकले आहे. खरे आहे का? (निवृत्त अभियंता, बोईसर)

खरे आहे, आणि चांगलाच निकटचा आहे.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या. १९६३ च्या करारानुसार त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने ३० वर्षे पुरवायचे होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर वातावरण बदलले. १९७८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा झाला, त्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी ग्लेन एक. ज्या देशाने आपल्या सगळ्या अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणी मान्य केलेली नाही, त्याला इंधन द्यायचे नाही, अशी त्यात अट होती आणि तिच्यासाठी दोन वर्षांची मुदत. भारताचे म्हणणे होते की तारापूरवर तपासणी चालूच आहे. बाकीच्या केंद्रांचा या कराराशी संबंध नाही, आणि मागाहून केलेला कायदा जुन्या कराराला लावता येत नाही.

१९८० मध्ये ३८ टन इंधनाचा परवाना अमेरिकी अणुनियामक आयोगाने नाकारला. अध्यक्ष कार्टर यांनी तो निर्णय फिरवला. त्यांना रोखायचे तर दोन्ही सभागृहांनी विरोधात मत द्यायला हवे होते. प्रतिनिधिगृहाने (कनिष्ठ सभागृहाने) मोठ्या बहुमताने विरोध केला. सिनेटमध्ये ग्लेन इंधन देण्याच्या विरोधात उभे होते, पण तिथे ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांच्या फरकाने कार्टर यांची बाजू टिकली आणि इंधन आले. १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठा करण्याचे मान्य केले, तेव्हा तो पेच सुटला.

त्यांचे नाव भारताला पुन्हा भोवले ते १९९८ मध्ये. मे महिन्यात पोखरणला चाचण्या झाल्यावर अमेरिकेने जे निर्बंध लादले, ते १९९४ च्या ‘ग्लेन दुरुस्ती’खाली. त्या दुरुस्तीत अध्यक्षांना निर्बंध माफ करण्याची मोकळीक जवळजवळ नव्हती, म्हणून क्लिंटन यांना हात राखून चालता आले नाही. शस्त्रविक्री, सरकारी कर्जे आणि हमी थांबल्या, जागतिक बँकेच्या कर्जांना विरोध झाला. शेतमालाच्या निर्यातीला फटका बसतो असे दिसताच अमेरिकी संसदेने दोन महिन्यांतच त्यापुरती सूट काढली. उरलेले निर्बंध सप्टेंबर २००१ मध्ये उठले. त्याच १९९८ च्या ऑक्टोबरअखेर, सिनेटर असतानाच, ७७ वर्षांचे ग्लेन डिस्कव्हरी यानातून नऊ दिवसांसाठी पुन्हा अंतराळात गेले.

भारतीय वाचकाला त्यांची भूमिका अन्यायाची वाटेल, आणि तारापूरच्या बाबतीत करार मोडला हा आपला आक्षेप वाजवीच होता. पण ग्लेन यांनी हा विषय भारतापुरता धरला नव्हता. पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमाकडे अमेरिकी सरकार अफगाण युद्धासाठी डोळेझाक करत होते, तेव्हा त्यावरही ते तितकेच कडक बोलत होते.

मार्क केली जन्माने आमच्या न्यू जर्सीचे. मग ते ॲरिझोनाचे सिनेटर कसे? (वाचक, एडिसन)

राज्यघटनेत तीनच अटी आहेत: वय ३०, नागरिकत्व ९ वर्षांचे आणि निवडून येताना त्या राज्यात वास्तव्य. केली यांच्या पत्नी गॅब्रिएल गिफर्ड्स प्रतिनिधिगृहात ॲरिझोनातल्या टूसॉन भागाच्या प्रतिनिधी होत्या. जानेवारी २०११ मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला. त्याच वर्षी मे महिन्यात केली यांनी एंडेव्हर यानाचे नेतृत्व केले, नंतर नौदलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि दोघे टूसॉनला स्थायिक झाले. त्यांची लष्करी वाट ग्लेन यांच्यासारखीच: आखाती युद्धात ३९ मोहिमा, मग चाचणी वैमानिक, मग १९९६ मध्ये नासा.

जॉन मॅकेन यांच्या निधनाने रिकामी झालेली जागा त्यांनी २०२० च्या पोटनिवडणुकीत जिंकली. पोटनिवडणूक असल्याने जानेवारीची वाट न पाहता २ डिसेंबरलाच शपथ झाली, पण त्यामुळेच दोन वर्षांत, २०२२ मध्ये, पुन्हा उभे राहावे लागले.

गणवेशात असताना निवडणूक लढवता येते का? (माजी सैनिक, कोल्हापूर)

नाही, दोन्ही देशांत नाही. अमेरिकेत सक्रिय सेवेतल्या माणसाला पक्षीय उमेदवार होता येत नाही, आणि सरकारी कर्मचाऱ्यांना पक्षीय राजकारणापासून दूर ठेवणाऱ्या हॅच कायद्यामुळे नासाच्या मुलकी कर्मचाऱ्यालाही नाही. म्हणून क्रम ठरलेला: आधी राजीनामा किंवा निवृत्ती, मग घोषणा. निवृत्तीनंतर हुद्दा लावता येतो, पण ‘निवृत्त’ हा शब्द हवा. गणवेशातले छायाचित्र वापरले तर संरक्षण खात्याचा पाठिंबा नाही, असे त्यावर लिहावे लागते. निवृत्तिवेतन घेणारा नियमित अधिकारी लष्करी कायद्याच्या कक्षेतही राहतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये एका राजकीय चित्रफितीवरून केली यांच्याविरुद्ध संरक्षण खात्याने चौकशी जाहीर केली, ती याच आधारावर.

भारतात सेवेतल्या सैनिकाला राजकीय पक्षाशी संबंध ठेवता येत नाही. इथे लोक फसतात ते एका ठिकाणी: अधिकाऱ्याने राजीनामा दिला म्हणजे तो मोकळा झाला असे नाही, सरकारने तो स्वीकारावा लागतो. शिवाय अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी साधारण २० वर्षे सेवा लागते. निवृत्तीनंतर वाट मोकळी आहे; पुण्याचे खासदार झालेले सुरेश कलमाडी हवाई दलात वैमानिक होते. राकेश शर्मा मात्र १९८४ च्या उड्डाणानंतर विमानांच्या चाचण्यांकडेच परतले आणि निवडणुकीच्या वाटेला गेले नाहीत.

आणखी कोणी अंतराळवीर राजकारणात गेले? (वाचक, मडगाव)

अपोलो-१३ चे जॅक स्विगर्ट हवाई दलातले वैमानिक. ते १९७८ मध्ये सिनेटसाठीची प्राथमिक निवडणूक हरले आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये कोलोराडोतून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. पण शपथविधीआधीच, २७ डिसेंबरला, कर्करोगाने गेले. अपोलो-१७ चे हॅरिसन श्मिट भूवैज्ञानिक. जेट चालवायला ते नासात आल्यावर शिकले. १९७६ मध्ये न्यू मेक्सिकोतून सिनेटर झाले आणि सहा वर्षांनी हरले. स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर राहिलेले जॅक लाउझ्मा मरीन वैमानिक होते. १९८४ मध्ये मिशिगनमध्ये त्यांना विद्यमान सिनेटरला हरवता आले नाही.