आधी रंग उरक, एलईडी पट्टी सगळ्यात शेवटी

आर्केड गेमचं कॅबिनेट घरी बनवताना एमडीएफच्या (लाकडी भुसा दाबून केलेल्या फळीच्या) कापलेल्या कडा रंग नुसता पितात, त्यामुळे तिथे प्रायमरचे दोन-तीन हात देऊन मधेमधे बारीक पॉलिश पेपर मार, नाहीतर कड खरखरीतच दिसणार. टी-मोल्डिंग (कडेच्या खाचेत बसणारी प्लास्टिकची किनार) लावणार असशील तर त्याची खाच मात्र रंगाच्या आधीच पाडून घे. वरच्या मार्कीला (गेमच्या नावाच्या उजळणाऱ्या पाटीला) दुधी अ‍ॅक्रिलिक घे आणि एलईडी पट्टी जरा मागे ठेव, एकदम चिकटून लावलीस तर एकेक एलईडीचा ठिपका दिसतो. आणि हो, पट्टीला वीज रास्पबेरी पायवरून (गेम चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवरून) द्यायच्या भानगडीत पडू नको, डब्ल्यूएस२८१२बी या रंग बदलणाऱ्या पट्टीचा एक एलईडी फुल पांढऱ्यावर ६० मिलिअँपपर्यंत खेचतो म्हणजे ६० एलईडींना ३.६ अँपियर झाले, ५ व्होल्टचा वेगळा सप्लाय घे, पाय आणि सप्लायचं ग्राउंड कॉमन ठेव. ते सतत रंग बदलणारे मोड मी तरी बंदच ठेवतो, खेळताना डोकं उठतं.