नीलमणी फूकन हे मुळात कवी की अनुवादक? वाचायला सुरुवात कुठून करू?

फूकन हे असमिया साहित्यिक; दोन्ही, आणि वर कलासमीक्षकही. हे 'कवी की अनुवादक' ऐकलं की माझं डोकंच फिरतं, का ते सांगतो.

आमच्या सोसायटीत कोजागरीला गच्चीवर कविसंमेलन असतं. एका वर्षी मी स्पॅनिश कवी लोर्काच्या एका कवितेचा स्वतः केलेला अनुवाद वाचला. अध्यक्ष म्हणून एक रिटायर्ड प्राध्यापक आणलेले, सगळे संग्रह स्वखर्चाने काढलेले, ते माइकवरच म्हणाले, "छान, पण उसनवारी किती दिवस? आता स्वतःचं काही ऐकवा." लोक हसले, आमचे मेव्हणे तर जरा जास्तच. मी म्हटलं, सर, आसामच्या फूकनांनी लोर्काच्या कवितांचं अख्खं पुस्तक असमियात केलंय, जपानी कवितांचंही केलंय, आणि १९८१ चा साहित्य अकादमी मिळाला तो स्वतःच्या कवितांना, मग ते पण उसनवारीवालेच का? तर म्हणे, "कोण फूकन?" तेवढ्यात मसाला दूध आलं आणि विषय तिथेच राहिला.

पुढे डिसेंबर २०२१ मध्ये ज्ञानपीठ जाहीर झालं, २०२० चं फूकनांना आणि २०२१ चं गोव्याचे कोकणी लेखक दामोदर मावजो यांना. ग्रुपवर सगळे मावजोंचं अभिनंदन करत होते (करायलाच हवं, शेजारचा माणूस), मी सरांना फक्त फूकनांची बातमी पाठवली. ब्लू टिक आली, उत्तर आजतागायत नाही.

फूकनांची बाकी माहिती: जन्म १९३३, देरगावचा. एम.ए. इतिहासात, गुवाहाटीच्या आर्य विद्यापीठ कॉलेजात १९६४ ते १९९२ शिकवलं, पहिला संग्रह १९६३ चा, गेले जानेवारी २०२३ मध्ये. एकीकडे फ्रेंच प्रतीकवाद (थेट न सांगता प्रतिमांतून सुचवणारी कविता) आणि दुसरीकडे आसामची लोककला, हे दोन्ही एकाच माणसात. इतक्या कमी शब्दांत नदी, दगड, अंधार उभा करणं हे जपानी कवितांत हात घातल्याशिवाय जमत नाही, असं माझं ठाम मत आहे. अर्थात मला असमिया येत नाही, मी जे वाचलंय ते हिंदी-इंग्रजीतूनच, त्यामुळे जाणकारांनी कान धरावा.

सुरुवात साहित्य अकादमीच्या इंग्रजी निवडक कवितांपासून करा. इंग्रजीत काही कविता सपाट वाटतील, तरी नेटाने वाचा. आणि तुम्ही स्वतः लिहीत असाल तर आधी कुणाच्या तरी चार कविता मराठीत आणून बघा, मग संग्रहाचं बोला. स्वखर्चाने तर अजिबात काढू नका.