सिरोंचाबद्दल विचारताय? घ्या, सगळ्यांची उत्तरं एकदमच

मागच्या अंकात तेलंगणातल्या कालेश्वरम देवस्थानाच्या रस्त्याबद्दल लिहिताना सिरोंचाचं नाव एका ओळीत येऊन गेलं, तर त्या एका ओळीवरच इतके प्रश्न आलेत की यावेळचं सदर सगळं त्यालाच देतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिणेचं टोक, प्राणहिता नदीच्या काठावरचं तालुक्याचं छोटंसं गाव, नदीपलीकडे तेलंगणा आणि पूर्वेला इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड.

आम्ही पुण्याहून गाडीने कालेश्वरमला चाललोय. सिरोंचात थांबण्यासारखं काही आहे का, की चहा पिऊन निघायचं? (एक वाचक, पुणे)

थांबा हो! एक रात्र तरी थांबा. सगळे हेच करतात, पुलावरून जाताना खिडकीतून फोटो काढतात आणि पुढे देवदर्शनाला. कालेश्वरम नक्कीच बघा, एकाच शाळुंकेवर दोन लिंगं, एक काळेश्वराचं म्हणजे यमाचं आणि एक मुक्तेश्वराचं, असं दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही. पण नदी बघायची तर अलीकडच्या, म्हणजे आपल्या काठावरून बघा. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते, म्हणजे अर्ध्याअधिक विदर्भाचं पाणी इथे तुमच्यासमोरून जातं आणि थोडं खाली जाऊन गोदावरीला मिळतं. तुम्ही पुण्याचे म्हणून सांगतो, नाशिकला जी गोदावरी तुम्ही बघता ना ती इथे ओळखू येत नाही, उन्हाळ्यात नुसती वाळूच वाळू आणि मधून पाण्याच्या दोन-तीन धारा, आणि पावसाळ्यात पलीकडचा काठ शोधावा लागतो.

वेळ असेल तर सोमनूरला जा, तिथे इंद्रावती गोदावरीला मिळते आणि तीन राज्यं एका नजरेत येतात. सोय काहीही नाही, पाणी-खाणं गाडीत ठेवा.

माझे आजोबा सांगायचे की सिरोंचा एकेकाळी जिल्हा होता आणि तिथे आगबोटी येणार होत्या. खरंय का, की गावाचं कौतुक? (एक वाचक, नागपूर)

आजोबा बरोबर होते, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो त्यामुळे उत्तर लांबणार.

१८६० च्या तहात निजामाने गोदावरीच्या डाव्या काठाचा हा मुलूख इंग्रजांना दिला. त्यांनी त्याचा अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा केला आणि मुख्य ठिकाण ठेवलं सिरोंचा. आज तिथे उभं राहिलं की वाटतं, एवढ्या आडबाजूला जिल्ह्याची कचेरी कशाला? कशाला तर नदीसाठी. तेव्हा नदी हाच रस्ता होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलगाडीने मुंबईला न्यायचा म्हणजे महिनेच्या महिने, त्यापेक्षा तोच कापूस बोटीत भरून प्राणहिता, गोदावरी करत थेट पूर्व किनाऱ्याला काकीनाड्याकडे उतरवायचा असा बेत होता. यामागे होते सर ऑर्थर कॉटन, तेच ज्यांनी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा बांधला आणि ज्यांचे पुतळे आजही आंध्रात गावोगाव दिसतात.

अडचण होती खडकांची. नदीत तीन ठिकाणी असे खडकाळ टप्पे होते की बोट पुढे जाऊच शकत नव्हती, पहिला दुम्मागुडेम, दुसरा इंचमपल्ली आणि तिसरा आपल्या प्राणहितेवर देवलमरीला. तिथे बांध घालायचे, बाजूने कालवे काढायचे, बोटी वर-खाली करायला दारं बसवायची असं काम सुरू झालं, पैसा ओतला, जंगलातल्या तापाने माणसं हैराण झाली, आणि तेवढ्यात १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. झालं! कापूस रेल्वेने मुंबईला जायला लागल्यावर बोट हवी कोणाला? १८७१ मध्ये काम सोडून दिलं, १८७४ मध्ये जिल्हाही मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यात गेला आणि सिरोंचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला जोडलं. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला तेव्हा तिकडे गेलं.

म्हणून माझं म्हणणं असं की सिरोंचा मुळात मागास नव्हतं, नदीच्या भरवशावर वसलेलं गाव होतं आणि नदीचा रस्ता बंद झाल्यावर त्याला दुसरा रस्ता कोणी दिलाच नाही. जिल्ह्याचं ठिकाण आजही दोनशे किलोमीटरच्या वर आहे, त्यातला आलापल्ली ते सिरोंचा हा टप्पा किती वाईट हे तिकडच्या कुठल्याही एसटी ड्रायव्हरला विचारा, पण विचारताना जरा लांब उभे राहा.

मुलीला डायनासोरचं वेड आहे. सिरोंचात डायनासोर सापडलेत म्हणे? (एक आई, नाशिक)

सापडलेत, आणि साधेसुधे नाहीत. प्राणहिता-गोदावरीचं खोरं हा डायनासोरवाल्यांच्या जगात नाव असलेला पट्टा आहे. सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून इथल्या खडकांच्या एका थरालाच कोटा हे नाव पडलंय. याच थरात पोचमपल्लीजवळ बारापासॉरसची हाडं मिळाली, लांब मानेचा, शाकाहारी, साधारण अठरा कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी, एकेक मांडीचं हाड जवळपास माणसाच्या उंचीचं. मोठं खोदकाम झालं ते १९६१ मध्ये, रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून त्याच्या नावात टागोरही आहेत. गंमत म्हणजे इतकी हाडं मिळाली पण कवटी काही मिळाली नाही.

आता वाईट बातमी, सांगाडा सिरोंचात नाही, तो कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. इथे वडधमला जीवाश्म उद्यान आहे, दगड झालेली झाडाची खोडं बघायला मिळतात, मुलीला आधीच सांगून ठेवा की जुरासिक पार्क नाहीये, नाहीतर रुसून बसेल. मात्र खोडाच्या दगडावर हात फिरवला की लाकडाच्या रेषा बोटांना लागतात, ते तिला नक्की आवडेल.

तिथे मराठी चालते का? (एक वाचक, ठाणे)

चालते की! पाट्या मराठी, शाळा-कचेरी मराठी, आणि बाजारात भाव करताना तेलुगू. आतल्या गावांत माडिया ही आदिवासी बोली. एकाच घरात आजी तेलुगूत ओरडते आणि नातू मराठीत उत्तर देतो. दसऱ्याच्या आधी बतुकम्माची, म्हणजे तेलंगणातल्या फुलांच्या सणाची फुलं रचलेली दिसतील. सोयरिकी पलीकडे, दवाखाना वरंगलला, मिरची तोडायला मजूर तेलंगणात. नदीवर पूल नव्हते तेव्हा पेशंट काय, मोटारसायकल काय, सगळं नावेत घालून पलीकडे न्यायचे, आता पुलामुळे पाच मिनिटांत. बॉर्डर असते ती आपल्याला, त्यांना नाही.

मेडिगड्डा धरण बघायला जावं का? (एक वाचक, औरंगाबाद)

टुरिस्ट म्हणून विचाराल तर सध्या त्यासाठी वाट वाकडी करू नका. गोदावरीवरच्या या धरणाचं २०१९ च्या जूनमध्ये मोठ्या थाटात उद्घाटन झालं, दीड किलोमीटरच्या वर लांबी, ८५ दारं, एक टोक तेलंगणात मेडिगड्डाला आणि दुसरं आपल्या पोचमपल्लीला. पाणी पंपांनी उलटं, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला चढवायचं असा तो सगळा खटाटोप. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये काही खांब खचले आणि त्यानंतर पाणी सोडून द्यावं लागलं. सिरोंचाचे शेतकरी त्याआधीपासून ओरडतायत की फुगवट्याचं पाणी आमच्या कापसात-मिरचीत शिरतं, २०२२ च्या जुलैच्या पुरानंतर तर मोबदल्यासाठी आंदोलनं झाली. पाणी जातं तेलंगणाला, बुडतं ते इकडचं. मला यात दोन्ही बाजू समान वगैरे काही दिसत नाहीत, ज्याचं रान बुडालं त्याला आधी पैसे द्या, मग पुढचं बोला.

पुष्कर कधी असतो? आई-बाबांना न्यायचंय. (एक वाचक, सोलापूर)

पुष्कर म्हणजे नदीच्या स्नानाचा मेळा. गुरू मीन राशीत गेला की प्राणहितेचा पुष्कर, बारा वर्षांनी एकदा, मागचा २०२२ च्या एप्रिलमध्ये झाला, सिरोंचाच्या घाटावर उन्हाने डोकी तापली होती तरी गर्दी हटत नव्हती. म्हणजे त्याला अजून वेळ आहे. पण गोदावरीचा पुष्कर २०२७ मध्ये येतोय, गुरू सिंह राशीत, तोच योग ज्याच्यावर नाशिकचा सिंहस्थ भरतो. नाशिकच्या गर्दीला आई-बाबा घाबरत असतील तर त्याच नदीत इकडे स्नान करा, गर्दी इथेही असेल पण पात्र मोठं आहे. एवढंच की पुष्कराच्या दिवसांत राहायची जागा मिळणं मुश्कील, आधी फोन करून पक्कं करा.

कधी जावं, कसं जावं? भीती नाही ना? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ट्रेनने जायचं तर मंचिर्याल स्टेशनला उतरा, बल्लारशा-काझीपेट लाईनवर आहे, तिथून चेन्नूरमार्गे प्राणहितेचा पूल ओलांडून सिरोंचा. गाडीने गडचिरोलीकडून येणार असाल तर आलापल्लीला पोटभर जेवून घ्या, वाटेत आत वळून कमलापूरला वनखात्याचे हत्ती बघता येतात. मेन रोड आणि गावात लोक रोज ये-जा करतात, नक्षलवादाच्या बातम्या वाचून घाबरून बसू नका, फक्त अंधार पडल्यावर जंगलातून ड्रायव्हिंग नको, आणि आतल्या गावांत जायचं असेल तर स्थानिक माणूस सोबत घ्या. पेट्रोल सिरोंचात भरून घ्या, मासे ताजे मिळाले तर सोडू नका, आणि तिथली मिरची घरी आणणार असाल तर पहिल्या दिवशी भाजीत निम्मीच घाला.