नाल्याकाठच्या मळ्यांवर पहिल्यांदा जाताना

प्रिया, पुढच्या आठवड्यापासून रुळांलगतच्या भाजीच्या मळ्यांवर मजुरांची तब्येत बघायला तू एकटी जाणार, म्हणून सांगते.

"काही त्रास आहे का?" असं विचारू नकोस. सगळे "नाही" म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी आजार म्हणजे ज्या दिवशी कामावर जाता येत नाही तो. खाज, चिखल्या, अंगदुखी हा कामाचाच भाग. नाल्याच्या पाण्याची तर "आदत हो गई है". त्यापेक्षा पाय दाखवायला सांग. पालकाच्या वाफ्यात पहाटेपासून उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलते, आणि तिथूनच लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू शिरतो. उंदरांचं मूत मिसळलेलं पाणी तर पावसाळ्यात सगळीकडेच. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल असं दिसलं तर मेडिकलमधल्या गोळीवर सोडू नकोस, त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात पाठव. चिखलातून गेल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घेता येतं, हेही सांगून ठेव.

अनवाणी पायांतून हुकवर्म, म्हणजे आतड्यात रक्त पिणारे जंतही शिरतात. म्हणून बायकांचा थकवा उन्हावर ढकलायच्या आधी हिमोग्लोबिन बघ.

गमबूट घाला म्हणून भाषण देऊ नकोस. चिखलात ते रुततात, आत पाणी साचतं, मग कोणी घालत नाही. जखमेवर पट्टी आणि घरी गेल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करणं, एवढं ऐकतात.

कीटकनाशकाच्या फवारणीनंतर घाम, लाळ, अंधुक दिसणं हे मात्र "ऊन लागलं" नव्हे, विषबाधा असू शकते. तिथे थेट १०८.