जुन्या ट्रकचं दार चालताना उघडतं आणि चावीही फिरत नाही. नवीन लॉक टाकू की जुनंच दुरुस्त करू?

जुनंच दुरुस्त करा. पण लॉकला हात लावण्याआधी दाराकडे बघा, कारण तुमच्या एका प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. चावी न फिरणं हा सिलिंडरचा, म्हणजे चावी घालतो त्या गोल भागाचा दोष. दार चालताना उघडणं याचा चावीशी काडीचा संबंध नाही. तो लॅच (दाराच्या कडेतलं, दातेरी चाकाने दार पकडून ठेवणारं यंत्र), स्ट्रायकर (ते चाक ज्याला अडकतं तो चौकटीवरचा तुकडा), बिजागऱ्या आणि केबिन यांचा मामला आहे. "अख्खा सेट बदला, कटकट मिटेल" असं सांगणारे दोन्हींवर एकच औषध देतात. त्या सल्ल्यापायी धडधाकट मूळ लॅच भंगारात जातं आणि दार उघडायचं ते उघडतंच, याचा मला मनापासून राग येतो.

१९५०च्या दशकातल्या एका पिकअपचं उदाहरण देतो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार खड्ड्यात चाक गेलं की उघडायचं. नवीन लॅच बसवलं, तरी उघडायचं. मग कोणीतरी स्ट्रायकर हातोडीने ठोकून आत घेतला. आता दार आपटल्याशिवाय लागेना. नव्या लॅचच्या दातेरी चाकाला खालच्या अंगाला घासल्याची चकचकीत रेघ उमटली होती, वरचं अंग मात्र कोरं. ही रेघ दिसली की समजायचं, दार खाली बसलंय आणि दर वेळी स्ट्रायकरवर चढून बंद होतंय. दार अर्धं उघडून कडेला धरून वर उचललं, तर वरची बिजागरी हलताना डोळ्याला दिसत होती. बिजागरीतून आरपार जाणारी खिटी काढल्यावर ती मधोमध झिजून बारीक झालेली निघाली. बिजागऱ्यांमधलं अंतर ४०० मिमी आणि दाराची रुंदी ९०० मिमी धरली, तर वरच्या खिटीतली १ मिमी ढिलाई दाराच्या कडेला सव्वादोन मिमी होते. एवढ्या फरकात चाकाचा दात अर्धवटच पकडतो. खिट्या बदलल्या, स्ट्रायकर जागेवर आणला आणि काढून टाकलेलं जुनं लॅच धुऊन परत बसवलं. दार दोन बोटांनी लागायला लागलं.

म्हणून क्रम पाळा: आधी केबिन, मग बिजागऱ्या, मग स्ट्रायकर, मग लॅच, मग हँडलची हालचाल लॅचपर्यंत नेणारे आतले दांडे, आणि सगळ्यात शेवटी चावीचं सिलिंडर.

केबिन बघायला फार वेळ लागत नाही. चेसिसच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावून थोडं उचला आणि दाराभोवतीची फट बघा. फट एका बाजूला मिटत आणि दुसऱ्या बाजूला उघडत असेल, तर केबिनखालची रबरं बसली आहेत किंवा त्यांच्या जागेचा पत्रा कुजलाय. ते तसंच ठेवून केलेलं दाराचं ॲडजस्टमेंट टिकणार नाही.

बिजागऱ्यांचं काम एका वेळी एकाच बिजागरीवर करा, म्हणजे दाराची जागा हरवत नाही. दाराखाली जॅक आणि त्यावर फडक्यात गुंडाळलेली लाकडी फळी लावून वजन पेला. खिटीवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारा, दुसऱ्या दिवशी पंचने खालून वर ठोका. खिटी झिजली असेल आणि भोक गोल असेल तर नुसती नवी खिटी पुरते. भोक लांबट झालं असेल तर रीमर (भोक मोठं आणि गोल करणारं हत्यार) फिरवून जाड खिटी घाला किंवा ब्राँझचा बुश (भोकात बसणारी छोटी नळी) बसवा. लांबट भोकात नवी खिटी घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

स्ट्रायकर सैल करण्याआधी त्याच्या कडेने दाराच्या चौकटीच्या खांबावर टोकदार सुईने रेघ ओढा. सगळे स्क्रू एकदम काढू नका. बऱ्याच केबिनमध्ये मागे आटे असलेली सुटी पट्टी असते आणि ती खांबाच्या पोकळीत पडली तर ती बाहेर काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. स्क्रू जेमतेम सैल करून एका वेळी १ मिमीपेक्षा जास्त सरकवू नका. दार लागताना वर उचललंही जाऊ नये आणि खाली दाबलंही जाऊ नये, ही त्याची परीक्षा. आत-बाहेर सरकवून पुरत नसेल तर स्ट्रायकरखाली पातळ पत्र्याची शिम घाला.

आता लॅच. दार उघडं ठेवून स्क्रू ड्रायव्हरने दातेरी चाक बंद होण्याच्या दिशेने फिरवा. बहुतेक लॅचमध्ये दोनदा खट्ट आवाज यायला हवा: पहिला अर्धवट बंद, दुसरा पूर्ण बंद. मग तेच चाक जोर लावून उलट फिरवून बघा. सुटलं, तर खटक्याची (चाकाला मागे फिरू न देणाऱ्या तुकड्याची) धार गोल झालीय किंवा त्याची स्प्रिंग मेलीय. सुटलं नाही, पण खटका आळसावून जागेवर येत असेल, तर ते नुसतं वाळलेलं ग्रीस आहे. दुसरा प्रकार कितीतरी जास्त दिसतो.

लॅच बाहेर काढायला काच पूर्ण वर घ्या. आतल्या हँडलमागची गोल वाटी दाबली की आरपार घातलेली पिन दिसते, ती ढकलून काढा. काही ट्रकमध्ये पिनेऐवजी घोड्याच्या नालेच्या आकाराची क्लिप असते. दाराच्या कडेचे स्क्रू नीट निरखा. त्या काळच्या काही अमेरिकन ट्रकमध्ये क्लच-हेड स्क्रू असतात, टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांच्या खाचेचे. त्यांना साधा स्क्रू ड्रायव्हर लावलात तर खाच मोडेल आणि पुढे ड्रिल करावं लागेल. योग्य बिट आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. काढण्याआधी प्रत्येक दांडा कुठल्या भोकात आहे त्याचा फोटो घ्या.

लॅच रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, ब्रशने घासा, हवेच्या झोताने वाळवा. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ पेट घेते. स्प्रिंग मेली असेल तर तारेची जाडी व्हर्नियरने, शिवाय वेढे आणि बाहेरचा व्यास मोजून तशीच स्प्रिंग-स्टीलची घ्या. जुनी ताणून लावली तर थोडे दिवस चालेल आणि मग नको त्या वेळी दगा देईल. फिरत्या भागांना पांढरं लिथियम ग्रीस, तेही बोटभर नाही, पातळ थर. जाड थर धूळ धरतो आणि तुम्ही परत होतात तिथेच येता.

दांड्यांची भोकं लांबट झाली असतील तर हँडल बरंच फिरतं आणि लॅच हलतच नाही. दांडा वाकवून ते जमवायला जाऊ नका. भोक पितळी झाळीने भरून पुन्हा पाडा. बाहेरचं हँडल बटणाचं असेल तर बटणामागचा बोल्ट आणि लॅचची पट्टी यांच्यात साधारण दीड मिमी फट ठेवा. फट नसेल तर बटण लॅचला सतत अर्धवट दाबून ठेवतं, आणि दार "आपोआप" उघडण्याचं हेही एक कारण आहे.

चावीबद्दल थोडक्यात. सिलिंडरमध्ये वर्षानुवर्षं स्प्रे तेल मारलेलं असतं. ते धूळ धरून चिकट होतं. जनरल मोटर्सच्या १९३५ नंतरच्या साइडबार सिलिंडरमध्ये तर चावीने हलणाऱ्या आतल्या सगळ्या पत्र्या जुळूनही साइडबार (सिलिंडरला अडवून धरणारी बाजूची पट्टी) चिकटून राहिला की चावी फिरत नाही. सिलिंडर काढून धुवा, पूर्ण वाळवा, मग कोरडं ग्रॅफाइट. तेल आणि ग्रॅफाइट एकत्र कधीही नाही, त्याचा लगदा होतो. पक्कडीने चावी फिरवू नका. झिजलेल्या चावीवरून काढलेली नवी चावी झिजलेलीच निघते. सिलिंडरवर कोड ठोकलेला असेल तर कोडवरून कापून घ्या. आणि ड्रायव्हरच्या दाराला बाहेर चावीचं भोकच नसेल तर घाबरू नका. त्या काळच्या बऱ्याच पिकअपमध्ये चावी फक्त प्रवाशाच्या दाराला असायची. ड्रायव्हरचं दार आतून लॉक करून प्रवाशाच्या बाजूने उतरायचं.

नवीन लॅच कधीच घ्यायचं नाही, असं माझं म्हणणं नाही. खटक्याची धार गेली असेल, रिव्हेटचं भोक फाटलं असेल किंवा ओतीव भागाला तडा असेल तर बदला. धार कानशीने "नीट" करायला जाऊ नका, वरचा कडक थर निघून जातो. जस्ताच्या ओतीव हँडलला गॅस लावू नका, ते साधारण ३८५ अंश सेल्सिअसलाच वितळायला लागतं. केबिनचा सांगाडा लाकडी असेल तर स्ट्रायकरचे स्क्रू धरत नाहीत. भोकात कठीण लाकडाची खुंटी गोंद लावून ठोका आणि वाळल्यावर नवं भोक पाडा. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं मोकळी करा, नाहीतर आत पाणी साचून धुतलेलं लॅच पुन्हा गंजेल. हे सगळं होईपर्यंत त्या दाराशेजारी कोणाला बसवून ट्रक चालवू नका.

सगळं बसवल्यावर दार पहिल्यांदा लावण्याआधी काच पूर्ण खाली करा. दांडा चुकीच्या भोकात गेला असेल तर दार बंद होऊन बसतं, आणि मग आत हात घालायला तीच एक वाट उरते.