टेबलाजवळ उभे राहू नका

लातूरहून एका वडिलांचे तीन पानी पत्र आले आहे. मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे, सराव परीक्षेत त्याला ५८ टक्के मिळाले आणि नीटच्या शिकवणीत त्याचे मन रमत नाही. मात्र स्नूकर (टेबलावर लांब काठीने बॉल खिशांत घालण्याचा खेळ) तो चांगले खेळतो. बारावी सोडवून त्याला व्यावसायिक खेळाडू करायचे, असे वडिलांनी ठरवले आहे. त्यांची तक्रार आहे ती मुलाच्या संथ, ‘भित्र्या’ खेळाबद्दल. विश्वविजेत्या रॉनी ओ’सलिव्हनसारखे झपाट्याने खेळायला त्याला शिकवा, असे ते लिहितात.

आदरणीय महोदय,

गुणांची मला फारशी चिंता वाटली नाही. मी अडखळलो ते आपल्या एका वाक्यापाशी : “क्लबचे मालक सांगतात, तो साठचा ब्रेक (एका पाळीत सलग साठ गुण) करतो, पण मी समोर उभा राहिलो की सोपा लाल बॉलही चुकतो.” एवढे लिहून आपण लगेच नव्या क्यूच्या (खेळायच्या काठीच्या) किमतीकडे वळलात! मुलाचे दुखणे आपणच नोंदवले आहे आणि आपल्यालाच ते दिसलेले नाही. दोन वर्षांपूर्वी नीटचा ध्यास आपला होता, आज स्नूकरचाही आपलाच आहे. तीन पानांत मुलाचे स्वतःचे म्हणणे एका ओळीचेही नाही. शिकवणीतला ‘लातूर पॅटर्न’ हिरव्या टेबलावर नेऊन मांडला, तर त्याचे ओझे कमी होणार नाही.

आता त्या ‘भित्रेपणा’विषयी. ओ’सलिव्हन यांनी १९९७ मध्ये अवघ्या ५ मिनिटे ८ सेकंदांत एकाच पाळीत १४७ गुण केले, ती चित्रफीत आपण पाहिली असणार. परंतु सात जागतिक विजेतेपदे केवळ वेगावर मिळत नाहीत. त्यांचा सेफ्टीचा, म्हणजे बचावाचा, खेळही तितकाच पक्का आहे. पॉट (बॉल खिशात घालणे) शक्य नसताना पांढरा बॉल प्रतिस्पर्ध्याला काहीच सापडणार नाही अशा जागी नेऊन ठेवणे, याला भित्रेपणा नव्हे, समज म्हणतात. मार्क सेल्बी संथ आणि चिवट खेळासाठी ओळखले जातात. २०१७ च्या जागतिक अंतिम सामन्यात ४-१० अशा फ्रेमने (डावांनी) मागे पडूनही त्यांनी जॉन हिगिन्स यांना १८-१५ असे हरवले आणि एकूण चार जागतिक विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. आपल्या मुलाचा स्वभाव त्या वाटेचा असेल, तर कृपा करून तो मोडू नका.

व्यवसाय म्हणून पाहिले, तर जागतिक टूरवर (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) साधारण १२८ खेळाडू असतात, नवोदिताला तिथे खेळण्याचे दोन वर्षांचे कार्ड मिळते आणि क्रमवारीत पहिल्या ६४ मध्ये न आल्यास ते सहसा जाते. स्पर्धा प्रामुख्याने ब्रिटन आणि चीनमध्ये होतात. पंकज अडवाणी २००३ मध्ये, अठराव्या वर्षी हौशी गटाचे जागतिक स्नूकर विजेते झाले, तरी या टूरवर ते २०१२ मध्ये गेले आणि दोन हंगामांनी परतले. त्यांच्या दर्जाच्या खेळाडूची ही कथा असताना, लातूरच्या सतरा वर्षांच्या मुलाने बारावी सोडण्याची घाई कशासाठी करावी, हे मला उमगत नाही.

त्याला बारावी पूर्ण करू द्या. नीट नको असेल तर वाणिज्य किंवा कला शाखेची पदवी घेता येते आणि तिच्यासोबत सरावही चालतो. नवा क्यू तूर्त घेऊ नका. सहा महिने क्लबच्या दारापर्यंतही जाऊ नका आणि घरी आल्यावर “किती ब्रेक झाला?” असे विचारू नका. त्यानंतरही खेळावेसे वाटले, तर पुढचे पत्र त्याला स्वतः लिहू द्या. पाठवण्यापूर्वी ते आपण वाचू नये, ही विनंती.