विमानातील सॉकेट आणि मोटारीचा चार्जर

प्रश्न : छोट्या विमानातील सॉकेटला मोटारीचा यूएसबी चार्जर लावून टॅबलेट चार्ज करता येईल का?

उत्तर : आधी विमानाची विद्युतप्रणाली १४ व्होल्टची आहे की २८ व्होल्टची, हे माहितीपुस्तिकेत पाहावे; कारण केवळ १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेला चार्जर २८ व्होल्टवर जळू शकतो. विजेच्या मागणीची चिंता नको, कारण १२ वॅटचा टॅबलेट २८ व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर घेतो. खरा उपद्रव वेगळाच आहे : स्वस्त चार्जरमधील वेगाने चालू-बंद होणारे परिपथ रेडिओलहरी सोडतात आणि ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या विमानाच्या रेडिओ-संभाषणात खरखर आणतात. म्हणून जमिनीवरच चार्जर लावून रेडिओ ऐकून पाहावा. इंजिन सुरू करताना मात्र व्होल्टेज अचानक चढते-उतरते, तेव्हा चार्जर काढूनच ठेवावा.